इंजिन नवे झाले, मग मीटर शून्यावर का नको?

जुन्या गाडीच्या इंजिनचे संपूर्ण काम करून घेतले की मीटरही शून्यावर आणून घ्या, असा सल्ला गॅरेजमध्ये अनेकदा मिळतो. वरवर निरुपद्रवी वाटणारा हा सल्ला मालकाला आणि पुढे ती गाडी घेणाऱ्या कुटुंबाला किती महाग पडू शकतो, याचा विचार मात्र फारसा कोणी करत नाही.

गॅरेजच्या दारात गाडी उभी आहे. पंधरा दिवस ती आतल्या कोपऱ्यात बॉनेट उघडून पडली होती आणि तिचे इंजिन लाकडी ठोकळ्यांवर सुटे होऊन बसले होते. आज किल्ली फिरवताच ते असे चालू झाले, की नवऱ्याने बायकोकडे पाहून समाधानाने मान डोलावली. मागे निळा धूर नाही, खडखड नाही, पिकअपही पहिल्यासारखा. मिस्त्री फडक्याला हात पुसत पुढे आले.

"साहेब, इंजिन अगदी झीरो झालं. म्हणाल तर मीटरही झीरो करून देतो. मीटरवाला आपल्या ओळखीचा आहे. दहा मिनिटांचं काम!"

नवरा क्षणभर घुटमळला. मीटरवर आकडा होता १,२८,४६०. हातात पाच आकडी बिल होते. एवढा खर्च करून इंजिन नवे करून घेतले, मग हा म्हातारा आकडा कशाला वागवायचा? शिवाय दोन वर्षांनी गाडी विकायची झाली, तर एवढा मोठा आकडा पाहून गिऱ्हाईक दारातूनच परत जायचे.

तेवढ्यात बायकोने विचारले, "इंजिन नवं झालं हे कबूल. पण मग आतापर्यंतचे सव्वा लाख किलोमीटर कोण चाललं?"

असा प्रसंग नागपूर, इंदूर, बडोदा, बेळगाव अशा कुठल्याही शहरातल्या गॅरेजमध्ये घडू शकतो. मिस्त्री लबाड असतो असे नाही. आपल्या कामावर खूश होऊन तो तसे सुचवतो. मालकही कोणाला फसवायला निघालेला नसतो. तरीही त्या गृहिणीच्या साध्या प्रश्नाला दोघांपाशी उत्तर नसते. कारण मीटर कशासाठी असतो, याचा विचार दोघांनीही केलेला नसतो.

मीटर कोणाचा हिशेब ठेवतो?

अंतर मोजण्याची युक्ती मोटारीपेक्षा फार जुनी आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्हिट्रुव्हियस या रोमन स्थापत्यकाराने आपल्या ग्रंथात अशा एका गाडीचे वर्णन केले आहे. तिच्या चाकाचे ४०० फेरे झाले, म्हणजे एक रोमन मैल पुरा होई आणि दातेरी चक्रांच्या योजनेमुळे एक खडा डब्यात पडे. मुक्कामाला पोहोचल्यावर डब्यातले खडे मोजले, की किती मैल चाललो ते कळे.

मोटारीतला ओडोमीटर, म्हणजे आपण ज्याला नुसते 'मीटर' म्हणतो तो, तत्त्वाने त्या डब्याहून वेगळा नाही. जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सच्या चाकांकडे जाणाऱ्या बाजूपासून एक लवचिक केबल निघून डॅशबोर्डपर्यंत येते. गाडी चालू लागली की केबल फिरते, तिच्यावर बसवलेली छोटी दातेरी चक्रे आकड्यांच्या चकत्या पुढे सरकवतात. नव्या गाड्यांत केबलऐवजी सेन्सर असतो आणि आकडा इलेक्ट्रॉनिक चिपमध्ये साठवला जातो. यंत्रणा बदलली, काम तेच राहिले.

यातली मुख्य गोष्ट अशी, की मीटर इंजिनला जोडलेला नसतो. सिग्नलला किंवा रेल्वे फाटकाशी गाडी अर्धा तास चालू ठेवून उभी राहिली, तर इंजिन झिजते, पेट्रोल जळते, पण मीटर जागचा हलत नाही. उलट बंद पडलेली गाडी दोर बांधून ओढत नेली आणि तिची चाके फिरत राहिली, तर केबलवर चालणाऱ्या जुन्या मीटरचा आकडा इंजिन बंद असतानाही वाढतो. इंजिन किती चालले हे मोजायचे असेल, तर त्यासाठी वेगळे साधन असते. शेतकरी वाचकांना ते ठाऊकच आहे. ट्रॅक्टरवर आणि जनरेटरवर 'अवर मीटर' असतो, तो इंजिनचे तास मोजतो.

म्हणजे मोटारीच्या मीटरवरचा आकडा हा संपूर्ण गाडीच्या प्रवासाचा आहे. गाडीचा एक भाग, मग तो कितीही महत्त्वाचा असो, नवा केला म्हणून हा आकडा खोटा ठरत नाही. टॅक्सीचा भाड्याचा मीटर दर प्रवाशाला शून्यापासून सुरू होतो, कारण त्याचे कामच त्या एका फेरीपुरते असते. गाडीच्या मीटरला मात्र जन्मापासूनचा हिशेब ठेवायचा असतो. डब्यातले खडे उपसून फेकले, म्हणून चाललेला रस्ता कमी होत नाही!

'इंजिन झीरो झालं' म्हणजे काय झालं?

मिस्त्रींच्या म्हणण्यात तथ्य नाही असे मात्र नाही. इंजिनचे पूर्ण काम म्हणजे खरोखरच त्याचा एक प्रकारे पुनर्जन्म असतो.

पिस्टन सिलिंडरमध्ये लाखो वेळा वर-खाली होतो, तेव्हा सिलिंडरच्या भिंती झिजतात. ही झीज सगळीकडे सारखी नसते. वरच्या भागात ती अधिक होते आणि गोल सिलिंडर किंचित लंबगोल होतो. रिंगा भिंतीला घट्ट बसेनाशा झाल्या, की ऑईल वर चढून जळते आणि सायलेन्सरमधून निळा धूर येऊ लागतो. गाडी 'ऑईल खाते', चढावर दमते, ॲव्हरेज घसरते.

अशा वेळी इंजिन उतरवून पूर्ण सुटे करतात. सिलिंडर ब्लॉक मशीन शॉपमध्ये नेऊन बोअर करतात, म्हणजे झिजलेले सिलिंडर थोडे मोठे कापून पुन्हा अचूक गोल करतात आणि त्यात त्या मापाचे मोठे पिस्टन व रिंगा घालतात. क्रँकशाफ्ट ग्राइंड करून त्याला कमी मापाची बेअरिंगे बसवतात. व्हॉल्व्ह आणि त्यांच्या सीट घासून जुळवतात. ऑईल पंप, टायमिंग चेन किंवा बेल्ट, ऑईल सील आणि सर्व गास्केट तपासून बदलतात. हे सगळे नेटाने केले तर इंजिन आणखी अनेक वर्षे बिनतक्रार साथ देते.

पण 'इंजिनचं काम केलं' या तीन शब्दांत फार मोठा पसारा मावतो. एका गॅरेजमध्ये त्याचा अर्थ वर सांगितलेले सर्व काही असा असतो, तर दुसरीकडे सिलिंडरला हातही न लावता फक्त रिंगा बदलून आणि व्हॉल्व्ह घासून गाडी मालकाच्या हवाली केली जाते. दोन्हीकडे मीटर शून्यावर आणला, तर शून्य दोघांचे सारखेच दिसेल. काय काय झाले ते मशीन शॉपचे आणि सुट्या भागांचे बिलच सांगू शकते, मीटर नव्हे.

जे भाग जुनेच राहतात

आता बॉनेटकडून नजर काढून उरलेल्या गाडीकडे पाहू. इंजिन पंधरा दिवस बाहेर होते, तेव्हा बाकीच्या गाडीचे काय झाले? काहीच झाले नाही.

स्टिअरिंगचे टायरॉड एंड, पुढच्या चाकांचे बॉल जॉइंट, सस्पेन्शनचे रबरी बुश, शॉक ॲब्सॉर्बर, चाकांची बेअरिंगे हे सगळे भाग सव्वा लाख किलोमीटरचे खड्डे सोसून तिथेच आहेत. ब्रेकचे रबरी होज पाइप वयाने कडक झाले आहेत. गिअरबॉक्स आणि ड्राइव्ह शाफ्ट जुनेच आहेत. वायरिंगवरचे आवरण ठिसूळ झाले असेल, गाडी कोकणात किंवा समुद्रकाठच्या शहरात राहिली असेल तर तळाचा पत्रा गंजलेला असेल.

यांतला जवळजवळ प्रत्येक भाग मुलाबाळांच्या जिवाशी निगडित आहे. इंजिन बिघडले तर बहुतेक वेळा गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते, मनस्ताप होतो, खर्च होतो. पण घाटात ब्रेकचा होज फुटला किंवा वेगात बॉल जॉइंट निखळला, तर सावरायला वेळच मिळत नाही.

समजा, त्या दिवशी नवऱ्याने होकार दिला. मीटर शून्यावर आला. दोन वर्षांनी त्यावर १८ हजारांचा आकडा असताना गाडी विकली गेली. घेणारे कुटुंब नवशिके. नवी गाडी परवडत नाही म्हणून पै-पै साठवून ही घेतली. पत्र्याला नवा रंग, सीटला नवी कव्हरे, मीटरवर १८ हजार. ब्रेकचे पाइप तपासून घ्यावेत, असे त्यांच्या मनातही येणार नाही. कोणाच्या मनात येईल? १८ हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे ब्रेक पाइप कोणी बदलत नाही. प्रत्यक्षात ती जवळजवळ दीड लाख किलोमीटर चाललेली आहे. सुट्टीत सगळे सामान आणि मुले घेऊन ते कसारा घाट उतरू लागतील, तेव्हा त्या खोट्या आकड्याची किंमत कोण मोजणार आहे?

आणि परक्यांचे सोडा, मालकाचे स्वतःचे नुकसानही काही कमी नाही. गाडीच्या देखभालीचे सारे वेळापत्रक मीटरच्या आकड्यावर चालते. गिअरबॉक्सचे ऑईल, ब्रेकचे ऑईल, कूलंट, टायमिंग बेल्ट, प्रत्येकाची पाळी ठरलेली असते. आकडा पुसला, की कोणता भाग किती चालला याचा पत्ताच लागत नाही. अनेक इंजिनांत टायमिंग बेल्ट वेळेवर बदलला नाही आणि चालत्या गाडीत तुटला, तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. ज्या इंजिनचे कौतुक म्हणून मीटर शून्यावर आणला, तेच इंजिन हिशेब हरवल्यामुळे पुन्हा ठोकळ्यांवर येते!

विमानाच्या वेगळ्या वह्या

नव्या इंजिनचा आणि जुन्या गाडीचा हिशेब एकत्र कसा ठेवायचा, हा प्रश्न काही फक्त मोटारीचा नाही. जिथे चुकीला क्षमा नाही त्या विमानाच्या जगाने तो केव्हाच सोडवला आहे.

विमानाच्या सांगाड्याची नोंदवही वेगळी असते आणि प्रत्येक इंजिनची वेगळी. पंख्याचे विमान असेल तर त्या पंख्याचीही स्वतंत्र वही असते. इंजिन उतरवून त्याचे ओव्हरहॉल झाले, की त्याच्या वहीत 'ओव्हरहॉलनंतरचे तास' शून्यापासून मोजायला सुरुवात होते. पण त्याच वहीत त्या इंजिनचे आजवरचे एकूण तासही पुढे चालू राहतात. सांगाड्याच्या तासांना तर कोणी हातच लावत नाही, कारण पंखांना आणि पत्र्याला पडलेला ताण नव्या इंजिनने कमी होत नाही. इंजिन एका विमानातून काढून दुसऱ्यात बसवले, तर त्याची वही त्याच्याबरोबर जाते.

जुना हिशेब कायम ठेवून त्याच्या शेजारी नवा सुरू करायचा, इतकी ही साधी रीत आहे. ती पाळायला विमान कंपनी लागते असे नाही. चाळीस पानी वही पुरते.

तीस लाख मैलांची एक गाडी

ही शिस्त एका सामान्य मोटार मालकाने पाळली तर काय होते, याचे जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेत आहे. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर राहणाऱ्या अर्व गॉर्डन या शाळामास्तरांनी १९६६ मध्ये लाल रंगाची व्होल्व्हो पी १८०० ही गाडी विकत घेतली. नोकरीला रोज लांबचा प्रवास, सुट्टीत त्याहून लांबचा, असे करत सप्टेंबर २०१३ मध्ये अलास्कात त्या गाडीने तीस लाख मैल पुरे केले. म्हणजे ४८ लाख किलोमीटरांहूनही अधिक! एकाच मालकाने बिगरव्यापारी वापरात सर्वाधिक चालवलेली गाडी म्हणून तिची नोंद गिनेस बुकात झाली. गॉर्डन २०१८ मध्ये निवर्तले.

या गाडीच्या इंजिनचेही काम निघाले होते. पहिल्यांदा ते उघडून बांधले गेले तेव्हा गाडी ६ लाख ८० हजार मैल, म्हणजे सुमारे ११ लाख किलोमीटर चालली होती. त्या दिवशी गॉर्डन यांनी 'आता इंजिन नवे, हिशेबही नवा' असे म्हटले असते, तर पुढचा विक्रम कुठला झाला असता? वेळच्या वेळी ऑईल बदलणे, कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे देखभाल करणे आणि प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवणे, यात त्यांनी कधी कसूर केली नाही. मोठा आकडा त्यांच्यासाठी लाज नव्हती. तो त्यांच्या निगराणीचा पुरावा होता.

आपल्याकडेही हे चित्र अपरिचित नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमच्या गेल्या. त्या टॅक्सी वर्षानुवर्षे धावत राहिल्या, त्या चालकांच्या आणि मिस्त्रींच्या निगराणीवर. टॅक्सी किती जुनी आहे हे कोणी लपवत नसे. ती आज कशी चालते, एवढेच पाहिले जाई.

प्रामाणिक विक्रेत्याची तक्रार

तरीही मालकाच्या मनातली एक खंत खरी आहे आणि ती नीट ऐकून घेतली पाहिजे. बाजारात गिऱ्हाईक आधी मीटरकडे पाहते, मग गाडीकडे. शेजारी शेजारी दोन गाड्या उभ्या आहेत. एकीचा मीटर १ लाख ३० हजार दाखवतो, पण तिचे इंजिन नुकतेच बांधलेले आहे. दुसरी मूळची त्याहून जास्त चाललेली, धूर मारणारी. पण कोणीतरी तिचा मीटर मागे फिरवून ६० हजारांवर आणला आहे. गिऱ्हाईक दुसरीपाशी थांबते. मग प्रामाणिक माणसाने करायचे काय? खर्चही करायचा आणि किंमतही कमी घ्यायची?

या तक्रारीवर उत्तर आहे, मात्र ते मीटरमध्ये नाही. ते फायलीत आहे. ज्याच्याकडे मशीन शॉपचे तारखेसह बिल आहे, कोणत्या मापाचे पिस्टन घातले त्याची नोंद आहे, सुट्या भागांच्या पावत्या आहेत, इंजिन सुटे असतानाची दोन-चार छायाचित्रे आहेत आणि नंतर केलेल्या कॉम्प्रेशन टेस्टचे आकडे आहेत, त्याला 'इंजिन नवे आहे' असे शपथेवर सांगावे लागत नाही. जाणता गिऱ्हाईक अशा फायलीची किंमत देतो. शून्यावर आणलेला मीटर मात्र उलटाच परिणाम करतो. बारा-तेरा वर्षांच्या गाडीवर १८ हजारांचा आकडा पाहिला, की जाणकाराला पहिला संशय येतो तो लबाडीचाच. इंजिनचे खरे काम केलेले असूनही मालक खोटा ठरतो. हातचे खरे सोडून खोट्याच्या मागे लागल्यासारखेच हे आहे.

कायदा काय म्हणतो?

अमेरिकेत १९७२ पासून मीटरचा आकडा फसवणुकीच्या हेतूने बदलणे केंद्रीय कायद्याखाली बेकायदा आहे. मीटर बिघडून दुरुस्त करावा किंवा बदलावा लागला, तर आकडा पूर्वीचाच ठेवायचा असतो. ते शक्यच नसेल, तर मीटर शून्यावर ठेवून दुरुस्तीपूर्वीचा आकडा आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी गाडीच्या डाव्या दाराच्या चौकटीला चिकटवावी लागते. म्हणजे शून्याची मुभा आहे ती बिघडलेल्या मीटरला, नव्या केलेल्या इंजिनला नव्हे. आणि तीही जुना आकडा उघड लिहूनच. जर्मनीत २००५ पासून असा फेरफार फौजदारी गुन्हा आहे. बेल्जियममध्ये २००६ पासून जुनी गाडी विकताना तिच्या किलोमीटरच्या नोंदींचा दाखला द्यावा लागतो. गॅरेजमध्ये प्रत्येक कामाच्या वेळी झालेल्या नोंदींवरून तो तयार होतो.

आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मीटरबद्दल असे खास कलम नाही. पण म्हणून सगळे मोकळे रान आहे असे समजू नये. खोटा आकडा खरा भासवून गाडी विकणे ही फसवणूकच आहे. १८७२ च्या करार कायद्यानुसार, माहीत असलेली गोष्ट मुद्दाम दडवून केलेला सौदा फसला गेलेला पक्ष रद्द ठरवू शकतो. फौजदारी बाजूने पूर्वी भारतीय दंड संहितेचे ४२० कलम होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे ३१८ कलम त्याच्या जागी आले आहे. गाडी व्यापाऱ्याकडून घेतली असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ग्राहक आयोगाकडे जाता येते. एका खासगी मालकाने दुसऱ्याला विकलेल्या गाडीसाठी हा मार्ग सहसा खुला नसतो. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना १ एप्रिल २०२३ पासून परिवहन खात्याचे अधिकारपत्र घ्यावे लागते आणि ताब्यातल्या गाडीच्या फेऱ्यांची किलोमीटरसह नोंद ठेवावी लागते.

करार कायद्यात घेणाऱ्यालाही एक इशारा आहे. विक्रेता नुसता गप्प राहिला किंवा त्याने चुकीची माहिती दिली, पण साधी दक्षता घेतली असती तर खरी गोष्ट घेणाऱ्याला कळली असती, अशा परिस्थितीत सौदा रद्द करण्याचा हक्क त्याला मिळेलच असे नाही. डोळे उघडे ठेवणे हे घेणाऱ्याचेही काम आहे.

आणखी एक बाब. ब्लॉक तोच ठेवून बोअर केले, तर इंजिन नंबर बदलत नाही. पण संपूर्ण इंजिनच दुसरे बसवले, तर नंबर बदलतो. त्याची नोंद आरटीओकडे करून आरसीवर करून घ्यावी लागते आणि विमा कंपनीलाही कळवावे लागते. आरसीवरचा नंबर आणि इंजिनवरचा नंबर जुळत नसेल, तर गाडी विकताना आणि विम्याचा दावा करताना दोन्हीकडे अडचण येते.

इंजिनचे काम केल्यावर काय करावे?

• काम सुरू करण्यापूर्वी मीटरचा आकडा तारखेसह लिहून ठेवा आणि त्याचे छायाचित्र घ्या. गॅरेजच्या बिलावरही तो आकडा लिहून घ्या.

• दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटच्या आतल्या बाजूला एक पक्की चिठ्ठी लावा: 'इंजिन बांधले, तारीख अमुक, मीटर १,२८,४६०'. ऑईल बदलल्याच्या चिठ्ठीशेजारी ती शोभून दिसते.

• नव्या बांधलेल्या इंजिनला सुरुवातीला जपावे लागते, कारण नव्या रिंगा सिलिंडरशी हळूहळू जुळतात. पूर्वी अशा गाडीच्या मागच्या काचेवर 'रनिंग इन' अशी पाटी लावत. पहिले हजारभर किलोमीटर मिस्त्री सांगतील त्या वेगमर्यादेत चालवा, एकाच वेगात फार वेळ ठेवू नका, इंजिनवर जोर देऊ नका. हा हिशेब ठेवायला मीटर शून्यावर आणायची गरज नाही. साधी बेरीज पुरते: १,२८,४६० ला काम झाले, १,२९,४६० ला ऑईल बदलायचे.

• बेरजेचाही कंटाळा असेल, तर 'ट्रिप मीटर' आहेच. तो शून्यावर आणण्यासाठीच बनवलेला आहे.

• मीटरच बिघडला आणि नवा बसवावा लागला, तर जुना आकडा नव्यात भरून घ्या. ते शक्य नसेल, तर दोन्ही आकडे आणि तारीख बिलावर लिहून घ्या. केबल तुटलेल्या अवस्थेत गाडी महिनोन् महिने चालवू नका.

जुनी गाडी घेताना काय पाहावे?

• मीटरचा आकडा गाडीच्या वयाने भागून पाहा. १२ वर्षांची गाडी २५ हजारच चालली असेल, तर महिन्याला पावणेदोनशे किलोमीटरसुद्धा होत नाहीत. असे का, हे विचारा. कारण खरेही असू शकते, पण ते पटले पाहिजे.

• पेडलचे रबर, स्टिअरिंग, गिअरची मूठ आणि चालकाची सीट पाहा. आकडा कमी आणि पेडल गुळगुळीत, हे एकत्र नांदत नाही.

• टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. मीटर फार थोडा आणि टायर गाडीच्या जन्मानंतरचे, तर जुने कुठे झिजले ते विचारा.

• सर्व्हिसच्या पावत्या तारखेप्रमाणे लावून त्यांवरचे किलोमीटर पाहा. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी जात असेल, तर तिथल्या नोंदी मालकाला बरोबर नेऊन पाहता येतात.

• मीटर इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून निर्धास्त राहू नका. चिपमधला आकडाही लॅपटॉपने बदलता येतो. मात्र काही गाड्यांत किलोमीटरची नोंद दुसऱ्या कंट्रोल युनिटमध्येही राहते आणि जाणकार तंत्रज्ञ ती तपासू शकतो.

• 'इंजिन बांधलं आहे' असे कोणी सांगितले, तर आनंद माना, पण बिल मागा. आणि इंजिन नवे असले तरी ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन आपल्या विश्वासातल्या मिस्त्रीकडून स्वतंत्र तपासून घ्या.

पुन्हा गॅरेजच्या दारात

तिकडे गॅरेजच्या दारात मिस्त्री अजून उत्तराची वाट पाहत उभे आहेत. नवऱ्याने एकदा बिलाकडे आणि एकदा मीटरकडे पाहिले.

"राहू दे मिस्त्री," तो म्हणाला. "मीटरला हात नको. फक्त बिलावर आजचा आकडा घाला आणि कोणत्या मापाचे पिस्टन टाकलेत तेही लिहा."

मिस्त्रींनी खिशातले पेन काढले. काम मनापासून केलेले होते, त्यामुळे लिहायला त्यांना संकोच वाटायचे कारण नव्हते. उलट आपले काम कागदावर उतरते आहे, याचे त्यांना बरेच वाटले. बायकोने पर्समधून लहानशी वही काढून पहिल्या पानावर तारीख आणि १,२८,४६० हा आकडा लिहिला.

"वहिनी, ब्रेकचे पाइपही एकदा बघून घेऊ का?" मिस्त्रींनी आपणहून विचारले. "सव्वा लाख झालेत म्हणून म्हणतो."

आकडा जागेवर होता, म्हणूनच हा प्रश्न त्यांना सुचला. गाडी पुन्हा आत गेली. तपासताना डाव्या बाजूचा एक होज तडकलेला निघाला.